मिठाच्या पासंगाचे दगड

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितली नव्हती. सगळा संसार झाला, पोरं मोठी झाली, तिच्याजवळ काय काय बोललो असेन — पण हे काही तोंडातून निघालं नाही. ती गेली तेव्हा, खरं सांगतो, दुःखाच्या खाली कुठेतरी एक सुटकाही होती. आता विचारणारं कोणी उरलं नाही. पण माणूस असा सुटतो का?

गेल्या महिन्यात शाळेचं स्नेहसंमेलन झालं. जुना हेडमास्तर म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं, शाल दिली. एका तरुण शिक्षकानं भाषणात समुद्रवाल्या प्रोफेसरांचा किस्सा सांगितला. जव्हारकडे तो सगळ्यांना पाठ आहे. संस्थानाच्या काळात मुंबईचे एक प्रोफेसर आले, मोखाड्याच्या ओहोळात त्यांना चार दगड सापडले, आणि त्यांनी जाहीर केलं की या डोंगरात समुद्र होता. मग मोठ्या विद्वानांच्या सभेत त्यांची फजिती झाली. शेवटी त्या शिक्षकानं ठरलेलं वाक्य टाकलं — "मोखाड्याला निघालात? होडी घेतली का?" मुलं खो खो हसली. मीही हसलो. हसता हसता शाल सावरली.

घरी येऊन ती शाल काढली आणि लिहायला बसलो.

त्या प्रोफेसरांचं नाव गोपाळराव. किस्सा सांगणाऱ्यांना त्यांचं नाव माहीत नसतं, म्हणून आधी तेच लिहितो. ते मुंबईच्या एका कॉलेजात खडकांचं शास्त्र शिकवत. दरबारची परवानगी काढून आले, पाहुण्यांच्या बंगल्यात उतरले, आणि बरोबर कोणीतरी इकडचा माणूस हवा म्हणून आमच्या हेडमास्तरांनी मला दिलं. मी जव्हारच्या शाळेत नवा लागलेलो. साखरशेतचा. डोंगरातल्या पाड्यांवर जी बोली चालते ती माझ्या घरची, आणि शाळेतली मराठी मी घोकून घोकून कमावलेली. शिक्षकांच्या खोलीत बाकीचे पुण्याकडचे, नाशिककडचे. माझा एखादा शब्द घसरला की कोणीतरी डोळा बारीक करून म्हणे, "आज घरचं बोलताय वाटतं?"

वडील काय करतात, असं कोणी विचारलं की मी सांगायचो — शेती. ते खरंच होतं. भात होतं, नाचणी होती. जे सांगत नव्हतो ते असं, की भात झोडून झालं की माझा बाप दोन बैल घेऊन खाली खाडीकडे उतरायचा. तिथून मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून घाट चढायचा, जव्हारच्या बाजारात थोडं विकायचा, उरलेलं मोखाड्याकडे न्यायचा. उन्हाळा संपेपर्यंत त्याचं हेच. लहानपणी मीही त्या बैलांच्या मागून चाललोय. पाठीला मिठाचं पाणी झिरपून बैलाची कातडी सोलवटायची, बाप तिथे तेल चोळायचा. मिठावाचून अडत नाही असं एकही घर नाही. आणि मला लाज वाटायची ती नेमकी त्याचीच.

गोपाळरावांनी पहिल्या दिवशी मला हाक मारली, "लक्ष्मणराव!" मी मागे वळून पाहिलं — कोणाला बोलावतायत? मला तोवर कोणी राव लावला नव्हता. नंतरही फारसा कोणी लावला नाही.

त्यांच्याबरोबरचे ते दिवस... काय सांगू? जव्हारजवळच्या शिरपामाळावर आम्ही उभे होतो. त्यांनी हातोडीनं कातळावर ठोका दिला आणि म्हणाले, "हा सगळा डोंगर एके काळी पातळ होता, लक्ष्मणराव. लापशीसारखा वाहत होता."

"आणि आता?"

"आता आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसारखा. घट्ट आणि हट्टी."

ज्या डोंगरात मी जन्मलो तो आगीतून आलाय, थरावर थर बसत उभा राहिलाय, हे मला त्यांनी दाखवलं. त्यांचं भिंग ते माझ्या हातात देत आणि मी पाहत असेपर्यंत वाट पाहत थांबत. घाई करत नसत. मी पुढे जन्मभर मुलांना शिकवलं ते याच रीतीनं — वस्तू हातात द्यायची आणि गप्प उभं राहायचं. माझं शिकवणं चांगलं होतं असं लोक म्हणतात. ते माझं नव्हतं, त्यांचं होतं.

मग आम्ही मोखाड्याला गेलो. गावाबाहेर आंब्याखाली गोणीवाल्यांचा तळ असे, आणि तळाच्या खालून ओहोळ. गोपाळराव तोंड धुवायला उतरले ते वर येईचनात. जाऊन बघतो तर पाण्यात उभे, हातात नारळाएवढा एक पांढरट दगड. ओला दगड. ओला झाला की त्याच्यावरची नक्षी दिसायची — चांदण्याच चांदण्या, एकीला एक चिकटलेल्या.

त्यांनी विचारलं, "हा इथला?"

मी म्हटलं, "हो."

बघा, इतकंच. एका अक्षराचं खोटं. वर आणखी म्हटलं, "लहानपणापासून पाहतोय." हे तर खरंच होतं! फक्त मी ते दगड आधी गोणीत पाहिले होते.

तुम्हाला समजायला हवं म्हणून सांगतो. बैलाच्या पाठीवरची गोणी दोन्ही बाजूंना सारखी भरावी लागते. पण मीठ वाटेत पाझरतं, एकीकडचं जास्त, एकीकडचं कमी. शिवाय जव्हारात एका बाजूचं विकलं की तोल गेलाच. बैल वाकडा चालायला लागतो, घाटात पडतो. म्हणून हलक्या बाजूला दगड घालायचा — पासंग. आमचा काळा दगड गुळगुळीत, तो गोणीत घसरतो. खाडीवर मात्र खरखरीत पांढरे दगड पडलेले असत. काठेवाडकडची गलबतं रिकामी येताना बुडाशी वजनाला ते भरून आणत आणि माल चढवताना काठावर टाकून देत. ते गोणीवाल्यांनी उचलले. मोखाड्याला मीठ संपलं, परतीची नाचणी भरली, तोल सांभाळायला दोन्हीकडे धान्य झालं, की पासंगाचं काम संपलं. दगड काढून ओहोळात भिरकावायचा. माझ्या बापानं भिरकावले, त्याच्या बापानंही. त्या ओहोळात जो समुद्र होता तो बैलांच्या पाठीवरून आलेला होता.

मी हे तिथेच सांगू शकलो असतो. पण सांगायला लागलो असतो तर पुढचा प्रश्न आला असता — तुम्हाला कसं ठाऊक? आणि मग बैल आले असते, गोणी आली असती, सोलवटलेली कातडी आली असती. लक्ष्मणरावांचा राव टिकला असता का? टिकला असता. आज मला पक्कं ठाऊक आहे, टिकला असता. तेव्हा विचारून पाहायची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी ते आंब्याखाली बसून बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. त्यांनी सांगितलं, हा दगड म्हणजे घर आहे, समुद्रातल्या पोवळ्यांचं. प्रत्येक चांदणीच्या जागी एक प्राणी राहत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, म्हणजे मोहोळच. ते म्हणाले, "मोहोळातली माशी उडून जाते. हे एकमेकांना जोडलेले असतात, अंगाला अंग लागून. एकाच्या तोंडात घास पडला की तो शेजाऱ्यापर्यंत पोचतो." मग म्हणाले, फार फार पूर्वी, समुद्रात असे जीव एकेकटेच होते. एकाला अंकुर फुटायचा, अंकुर मोठा झाला की सुटून आपल्या वाटेनं जायचा. केव्हातरी कुठेतरी एक अंकुर सुटलाच नाही. आईच्या अंगाला तसाच राहिला. त्याला फुटलेला अंकुरही राहिला. "एवढी मोठी गोष्ट, लक्ष्मणराव, आणि सुरुवात काय? तर कोणीतरी सोडून गेलं नाही."

माझ्या अंगावर काटा आला होता, तो खरा होता. खोटं बोलून बसलेल्या माणसाच्या अंगावरही खरा काटा येतो — हे तुम्हाला पटेल का?

त्यांचं म्हणणं असं बनलं, की आगीचा एक थर बसल्यावर आणि दुसरा येण्याआधी इथे समुद्र शिरला असणार. पण ते प्रामाणिक होते. ओहोळातले सुटे दगड पुरेसे नाहीत, कातळात बसलेला एक तरी हवा, असं तेच म्हणत. तो शोधायला ते पुढच्या हिवाळ्यात परत आले. रोज सकाळी मी त्यांच्याबरोबर निघायचो. ते कडे चढायचे, उकरायचे, हातांना फोड यायचे. थकून खाली बसले की विचारायचे, "कातळात का नाही सापडत हो?" मी खांदे उडवायचो आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचो. याच दिवसांत त्यांनी माझ्याकडून आमची बोली शिकायला घेतली. पाण्याला काय म्हणता, बसायला काय म्हणता. मला वाटायचं, गंमत म्हणून.

आता ते सांगायला हवं, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतोय.

एक दिवस आम्ही ओहोळात होतो आणि वरून घुंगरांचा आवाज आला. मी आवाजावरूनच ओळखलं. आमचे बैल. बाप तळावर आला, बैल सोडले, पाणी दाखवायला त्यांना खाली घेऊन आला. मला बघून खूश झाला. गोपाळराव दगड उलटेपालटे करत होते, त्यांच्याकडे बघत त्यानं मला आमच्या बोलीत विचारलं, "काय रं लखमा, सायेब काय हुडकं?"

मी म्हटलं, दगड.

बाप मोठ्यानं हसला. "ये दगडा त आमीच टाकेल आहात. मिठाचे पासंगाचे. सायबाला सांग, दर्याकडं ढिगानं आहात."

गोपाळरावांनी मान वर केली. "कोण हे? काय म्हणतायत?"

आणि मी म्हणालो, "आमच्या गावचा एक माणूस आहे, साहेब. म्हणतोय, त्याच्या आजोबांच्या काळापासून हे दगड इथं आहेत."

बापाला बाजाराची मराठी समजायची. बोलायला जड जायची, पण समजायची सगळी. हे मला ठाऊक होतं. म्हणताना ठाऊक होतं.

त्याचं हसू चेहऱ्यावर अर्धं राहिलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं — फार वेळ नाही. मग डोक्याचं मुंडासं नीट केलं आणि गोपाळरावांकडे वळून सावकाश, एकेक शब्द जोडत मराठीत बोलला.

"व्हय साहेब. गुरुजी सांगतात तसंच."

त्यानं बैलांना पाणी पाजलं आणि वर गेला.

त्या दिवसापासून माझ्या बापानं मला लखमा म्हणून हाक मारली नाही. घरी गेलो तरी गुरुजी. "गुरुजी, हात धुवा." "गुरुजींना भाकर वाढ." आईला वाटायचं कौतुकानं म्हणतोय. एकदा तिनं टोकलं, पोराला असं काय परक्यासारखं? तो म्हणाला, "शिकलेला माणूस आहा. मान नको द्यायला?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मी पुष्कळ शोधला. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

गोपाळरावांनी त्यांचा निबंध मुंबईच्या सभेत वाचला. कातळातला दगड मिळाला नव्हता तरी वाचला, कारण आजोबांच्या काळापासून दगड तिथे असल्याची साक्ष त्यांच्याजवळ होती. सभेत काठेवाडात काम केलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी दगड हातात घेतला, नखानं खरवडला आणि सांगितलं, हा तिकडचा किनारा आहे, मी यावर चाललोय. लोक हसले. आमचे हेडमास्तर त्या सभेला गेले होते, त्यांनीच परत येऊन सांगितलं. कोणीतरी विचारलं म्हणे, तिथल्या लोकांनी तुम्हाला फसवलं काय? त्यावर गोपाळराव म्हणाले, "लोकांकडे बोट दाखवू नका. पाहणं माझं काम होतं, ते मी नीट केलं नाही." त्यानंतर त्यांनी कुठल्या सभेत काही वाचलं नाही.

पुढच्या वर्षी ते आले. या वेळी हातोडी नव्हती. मला शाळेत निरोप आला की साहेब मोखाड्याला पुढे गेलेत, सवडीनं या. मी पोचलो तर आंब्याखाली गोपाळराव आणि माझा बाप शेजारी शेजारी बसलेले. नाचणीची भाकर, सुकटाची चटणी. गोपाळराव चटणी बाजूला सारून नुसती भाकर खात होते आणि बाप त्यांना चिडवत होता की साहेब समुद्र शोधतो आणि समुद्रातलं खात नाही. आणि गोपाळराव हसत होते. आमच्या बोलीत, अडखळत, चुका करत, पण आमच्याच बोलीत उत्तर देत होते. समोर रिकामी गोणी पसरलेली. बाप त्यात पांढरा दगड घालून दाखवत होता — असा घालायचा, असा काढायचा, असा टाकायचा.

मी उभाच राहिलो.

बाप म्हणाला, "या गुरुजी, बसा."

गोपाळरावांनी सरकून जागा केली. त्या पूर्ण संध्याकाळी त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर मी बोललो असतो का? मला माहीत नाही. जव्हारच्या वाटेवर ते बैलांबद्दल बोलले, आंब्याबद्दल बोलले, माझ्या शाळेबद्दल बोलले. बंगल्याच्या पायरीवर निरोप घेताना थांबले आणि म्हणाले, "तुमच्या गावचा तो माणूस फार चांगला आहे." मग थोडं पुढे वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं, जसं ते भिंगातून पाहायचे तसं. "तुमचं कपाळ अगदी त्यांच्यावर गेलंय, लक्ष्मणराव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिवाणसाहेबांना भेटले आणि मुंबईला परतले. ते कशासाठी भेटले ते मला पावसाळ्यात कळलं. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, दरबार तुला पुण्याला ट्रेनिंगला पाठवतोय, गोपाळरावांनी शब्द टाकलाय. सगळं ठाऊक झाल्यावर, दुसऱ्याच दिवशी. मी पुण्याला गेलो. तिथून आलो तो पुढे हेडमास्तर झालो. माझ्या मुलांची शिक्षणं, हे घर, ही खुर्ची, ती शाल — सगळं तिथून आलं. एका माणसानं बोलायचं टाळलं, दुसऱ्यानंही टाळलं, आणि दोघांच्या तोंडचा घास माझ्यापर्यंत पोचला.

मला वाटलं होतं कबुली इथे संपेल. अजून एक आहे.

पुण्याहून परत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत प्रोफेसरांचा विषय निघाला. सगळे मला विचारू लागले, तू तर बरोबर होतास, काय झालं नक्की? मला भीती वाटली की बोलता बोलता कोणी ओहोळापर्यंत पोचेल, ओहोळातून बैलांपर्यंत. म्हणून मी विषय दुसरीकडे नेला. म्हणालो, "आता मोखाड्याला निघालात तर होडी घेऊन निघा." खोली हसली. ती होडी माझी आहे. जो विनोद आज पोरांच्या तोंडी आहे तो मी केलेला आहे, ज्यानं मला राव लावला त्याच्यावर.

गोपाळराव कधीच गेले. त्यांच्या कानावर ती होडी गेली की नाही, मला ठाऊक नाही. बापही गेला. शेवटच्या दिवसांत त्याला माणसं ओळखू येत नव्हती. मी उशाशी बसलो होतो. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोन?" मी म्हटलं, "लखमा." तो खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लखमा शाळेत गेलाय," आणि डोळे मिटले. त्या नावानं तो मला कुठेतरी सांभाळून होता. एवढं त्यानं मला दिलं, आणि मी ते घेतलं.

माझं या दोघांवाचून काहीच नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर मी त्यांची नावं घेतो. तोंडातल्या तोंडात, कोणाला ऐकू जाणार नाही अशी. आता मोठ्यानं लिहितो. प्रोफेसर गोपाळराव. महादू, साखरशेतचा, मिठाच्या गोण्या वाहणारा.

आणि एक वाक्य राहिलंय. एका माणसानं विचारलं होतं, कोण हे, काय म्हणतायत, आणि त्याला सांगायला मी एकटाच होतो. ते आता सांगतो.

साहेब, हा माझा बाप आहे. तो म्हणतोय, हे दगड आम्हीच टाकलेत. मिठाच्या पासंगाचे.